दाता आणि पात्र

दशलक्षण पर्वातील आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवशीच्या प्रवचनात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांचे विवेचन ऐकत आपण सारेच लहानाचे मोठे झालो आहोत. माझ्या बाबतीत योगायोग असा, की माझी जवळजवळ सारी नोकरीही दानाच्याच खात्यात गेली. मात्र ते दान माझे नव्हते, देशाचे होते. मी केवळ वाढपी होतो. करोनाच्या दोन वर्षांत त्या वाढप्याच्या मनात काय काय येऊन गेले, ते आज लिहून ठेवावेसे वाटते. त्यातील काही भाग सांगताना संकोच होतो. परंतु प्रतिक्रमणाची सवय असलेल्या वाचकांपुढे तो बाळगण्याचे कारण नाही.

भारत सरकारने १५ सप्टेंबर १९६४ रोजी भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून सारे त्याला ‘आयटेक’ म्हणतात. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा खंडांतील सुमारे १६० देशांचे अधिकारी, शिक्षक आणि तंत्रज्ञ या कार्यक्रमाखाली भारतातील निरनिराळ्या संस्थांत काही आठवडे शिकायला येतात. विमानाचे तिकीट, शिक्षणाचे शुल्क, निवास आणि रोजच्या खर्चाचा भत्ता हे सारे आपले परराष्ट्र मंत्रालय देते. महामारीपूर्वी वर्षाला दहा हजारांहून अधिक जागा या कार्यक्रमात असत. मी ज्या संस्थेत होतो, तेथे धान्याची साठवण आणि काढणीनंतरची प्रक्रिया हा विषय शिकवला जाई आणि परदेशी तुकड्यांचा समन्वयक म्हणून मी काम पाहत असे.

मार्च २०२०च्या तुकडीत चौदा देशांतील तेवीस जण होते. त्यांत केनियाच्या एक कृषी विस्तार अधिकारी होत्या. आम्ही सारे त्यांना ताई म्हणू लागलो आणि त्यांनीही तो शब्द आनंदाने स्वीकारला. त्यांच्या देशाच्या पूर्व भागात २००४ साली बुरशी लागलेला मका खाऊन १२५ माणसे दगावली होती. ओलसर धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचे ते विष, अफ्लाटॉक्सिन. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही जात नाही. ताईंना मका आणि भुईमूग वाळवण्याची, तपासण्याची स्वस्त रीत शिकून घ्यायची होती. माझे घर सांगली जिल्ह्यातील. भुईमुगाच्या शेंगांत वाढलेला मी. शेंग कानाशी धरून हलवायची आणि आतला दाणा खुळखुळला की ती वाळली असे समजायचे, हे मी वडिलांकडून शिकलो होतो. ओलावा मोजण्याच्या यंत्राआधी मी वर्गाला तेच शिकवी. आमच्या आईची धान्य शोधण्याची पद्धतही मी वर्गात दाखवी. एकेक दाणा सुपात पाहून घेण्यामागे किडामुंगीचा जीव वाचवण्याची दृष्टी आहे, असे सांगितले की परदेशी मंडळी कुतूहलाने ऐकत. ताई मात्र म्हणाल्या, “यात माणसाचाही जीव वाचतो.” हे मला सुचायला हवे होते.

तुकडीचे परतीचे विमान २८ मार्चला होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबली आणि २५ तारखेपासून सारा देशच बंद झाला.

त्याच पंधरवड्यात जगभर उलट दिशेने धावपळ चालली होती. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ने साठांहून अधिक देशांत काम करणारे आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक काही दिवसांत मायदेशी परत बोलावले. १९६१ मधील स्थापनेपासून असे प्रथमच घडले होते. कोणी शाळेतील वर्ग अर्धा टाकून, कोणी शेजाऱ्यांचा निरोपही न घेता निघाले. साहाय्याचे पैसे आणि औषधे मागाहूनही पाठवता येतात. माणूस मात्र एकदा उचलला की त्याने जोडलेली माणसे तुटतात. आमच्याकडे तर घरी जाण्यासाठी सामान बांधून बसलेली माणसे परक्या गावात अडकून पडली होती.

मेसमधील पोरे एसटी बंद होण्याआधीच आपापल्या गावी गेली. आचारी मामा तेवढे राहिले. ते कंत्राटी कामगार. राहण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीच केली नव्हती. मी विचारले, तर म्हणाले, “साहेब, पाहुणे जेवायचे राहिलेत आणि आचारी गेला, असं कुठं असतंय का?” पुढील तीन महिने तेवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यांनी जवळपास एकट्याने केला. ताई आणि आणखी दोघी भाजी निवडायला बसत. ज्ञानदान म्हणून ज्याची नोंद सरकारी कागदांवर होत होती, ते त्या चुलीवर उभे होते, हे तोवर माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

माझ्या घरी ब्याऐंशी वर्षांची आई होती. मी रोज वसतिगृहात जाई, म्हणून सौ. धास्तावलेली असे. परत आलो की मागच्या दाराने मोरीत जाऊन स्नान करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे, असा तिने नियम घातला. कितीतरी दिवस मी आईशी उंबऱ्याबाहेरूनच बोलत होतो. तिकडे एका प्रशिक्षणार्थ्याचे वडील मायदेशी वारले. रात्री उशिरापर्यंत तो जिन्यात बसून होता. मी सरकारी यंत्रणेकडे विचारणा केली, त्याच्या दूतावासाला पत्र लिहिले. पण विमानच नव्हते, तेथे पत्राने काय होणार? मामा त्याच्यासाठी बिनदुधाचा चहा घेऊन गेले आणि दोघे एकमेकांची भाषा न जाणता तासभर शेजारी बसून राहिले. अभयदान याहून निराळे असेल असे मला वाटत नाही.

एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. टांझानियाचा एक तरुण रोजे धरीत होता. संचारबंदीमुळे माझाही मुक्काम आता अधूनमधून वसतिगृहात पडे. माझे जेवण सूर्य मावळण्यापूर्वी आटपायचे आणि त्याचे सूर्य मावळल्यावर सुरू व्हायचे. मामा घड्याळ न पाहता आकाशाकडे पाहून म्हणत, “आधी साहेबांचं पान, मग त्या पोराचं.” एकाच मावळतीच्या अलीकडे आणि पलीकडे आमच्या दोघांच्या पंगती बसत.

जून-जुलैत त्या त्या देशांनी पाठवलेल्या खास विमानांनी मंडळी एकेक करून गेली. ताई निघाल्या तेव्हा मामांनी त्यांना मेसमधले एक सूप भेट दिले. ते त्यांनी सामानात न घालता हातात धरून नेले.

त्यानंतर आमचे काम पडद्यावर आले. एप्रिल २०२० मध्येच रायपूरच्या एम्सने शेजारी देशांतील आरोग्यसेवकांसाठी करोनाच्या उपचारांवर दूरस्थ वर्ग घेतले होते. तोच मार्ग पुढे इतर विषयांनीही धरला. याचे लाभ मी नाकारणार नाही. ज्या अधिकाऱ्याला कार्यालयातून महिनाभर सुटी मिळाली नसती, तोही आता शिकू शकत होता. परंतु पहिल्याच वर्गात मी शेंग उचलून ध्वनिक्षेपकाजवळ हलवली आणि पलीकडून कोणी म्हणाले, “सर, काही ऐकू येत नाही.” नको असलेला आवाज गाळून टाकण्याची सोय त्या यंत्रात होती. तिने बोलणे ठेवले होते आणि दाण्याचा खुळखुळाट गाळून टाकला होता.

गाळले गेले ते एवढेच नव्हे. परदेशी पाहुणे नाहीत म्हणून वसतिगृह रिकामे, वसतिगृह रिकामे म्हणून मेस बंद. विमानतळावर ने-आण करणारा गाडीवाला, चादरी धुणारा परीट, तासावर येणारे बाहेरचे व्याख्याते या सर्वांचे उत्पन्न त्या एकाच कार्यक्रमावर अवलंबून होते. विकास साहाय्याच्या आकडेवारीत ही माणसे कोठेच दिसत नाहीत. जगातील धनवान देशांनी दिलेले एकूण विकास साहाय्य २०२० मध्ये घटले तर नाहीच, उलट १६१ अब्ज डॉलरपर्यंत वाढले. पण पैशाची बेरीज वाढत असताना, तो पैसा ज्यांच्या हातांनी पोहोचतो ते हात ठिकठिकाणी रिकामे झाले होते. ब्रिटनने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपले स्वतंत्र आंतरराष्ट्रीय विकास खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले आणि नोव्हेंबरात साहाय्याचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. आमच्या लहानशा संस्थेत तशी काही घोषणा झाली नाही. ‘वसतिगृह रिकामे असल्याने मेसचे कंत्राट स्थगित करावे’ अशी एका ओळीची टिप्पणी ऑक्टोबरात पुढे गेली. ती मी लिहिली होती आणि तिच्याखाली सही माझी होती. तीन महिने ज्यांनी पाहुण्यांना उपाशी ठेवले नाही, त्या मामांना मी ती बातमी फोनवर सांगितली. समोर जाऊन सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

देश मात्र देतच होता. मे २०२० मध्ये नौदलाचे ‘केसरी’ हे जहाज अन्नधान्य, औषधे आणि वैद्यकीय पथके घेऊन मालदीव, मॉरिशस, मादागास्कर, कोमोरोस आणि सेशेल्स या बेटांकडे गेले. २० जानेवारी २०२१ रोजी ‘व्हॅक्सिन मैत्री’ सुरू झाली आणि भारतात तयार झालेल्या लसीच्या पहिल्या भेटी भूतान आणि मालदीवला पोहोचल्या. मार्चमध्ये केनियालाही लस मिळाली. जागतिक ‘कोव्हॅक्स’ योजनेतून दहा लाखांवर मात्रा आणि भारताची भेट म्हणून आणखी एक लाख. ताईंनी संदेश पाठवला, “आज मला पुण्याची लस मिळाली.” मी तो घरात सर्वांना वाचून दाखवला. त्या दिवशी मला आपल्या नोकरीचा जितका अभिमान वाटला, तितका पूर्वी कधी वाटला नव्हता.

आणि मग एप्रिल आला. माझे थोरले बंधू, आमचे दादा, अठ्ठावन्न वर्षांचे. गावी शेती पाहत. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना १ एप्रिलपासून लस खुली झाली. दादा दोनदा तालुक्याच्या केंद्रावर गेले आणि साठा संपला म्हणून दोनदा परत आले. तिसऱ्यांदा जाण्याआधी त्यांना ताप आला. प्राणवायूची खाट मिळेपर्यंत चार दिवस गेले आणि महिन्याच्या अखेरीस दादा गेले. अंत्यदर्शनही घडले नाही. आईला हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तिने फक्त णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि रात्रभर ती थांबली नाही.

त्या दिवसांत बातम्यांतून एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येई. भारताने नव्वदांहून अधिक देशांना सुमारे ६ कोटी ६० लाख मात्रा पाठवल्या होत्या. मी तो आकडा ऐके आणि मनात म्हणे, त्यांतली एक दादांची होती. हा विचार एकदा येऊन गेला असता, तर मी त्याला दुःखाचा उद्रेक समजून सोडून दिले असते. पण मी तो पोसला. ज्या कार्यक्रमाचे अन्न मी खाल्ले, त्याच कार्यक्रमाला मी मनोमन शिव्या देऊ लागलो. आणि त्या विचाराला चेहरा होता, तो केनियाच्या ताईंचा. त्यांच्या दंडात गेलेली मात्रा दादांच्या दंडात का गेली नाही, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. आज ते लिहिताना हात थरथरतो; पण लिहिणे भाग आहे.

पुढे शांतपणे पाहिले तेव्हा कळले, की त्या एकूण मात्रांपैकी देणगीच्या सुमारे एक कोटी सात लाख होत्या. जवळपास दोन कोटी कोव्हॅक्सच्या करारातून गेल्या आणि उरलेल्या साडेतीन कोटींवर मात्रा उत्पादकाने विकलेल्या होत्या. म्हणजे दानाचा वाटा सहांत एक एवढाच. देशात तोवर चौदा कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या. त्या एक कोटी येथेच राहत्या, तर गावच्या केंद्रावर त्या दिवशी साठा असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. कषायाला असल्या हिशेबाशी कर्तव्य नसते. त्याला फक्त बोट दाखवायला कोणीतरी लागते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. टांझानियाच्या त्या तरुणाकडून त्यांना दादांविषयी समजले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आईविषयी, ती जेवते का? मग दादांविषयी विचारले. बोलता बोलता सहज सांगितले, की त्यांची दुसरी मात्रा लांबणीवर पडली आहे, कारण भारतातून येणारा साठा थांबला आहे. त्या रोज बाजारात धान्य तपासायला जात होत्या. घरी बसण्याची सोय त्यांच्या नोकरीत नव्हती. “आधी तुमचे घर सावरू द्या,” त्या म्हणाल्या. दादा आणि ताई एकाच रांगेत उभे होते, हे मला त्या क्षणी उमगले. मी दोघांना समोरासमोर उभे केले होते, आणि प्रत्यक्षात दोघे एकामागे एक त्याच रिकाम्या कुपीची वाट पाहत होते.

त्याच महिन्यात आपला देश मागणाऱ्यांच्या पंगतीला बसला होता. २००४च्या त्सुनामीपासून आपत्तीच्या वेळी परदेशी सरकारांची मदत नम्रपणे नाकारण्याची आपली रीत होती. ती बाजूला ठेवून आपण प्राणवायूची यंत्रे, औषधे, श्वसनयंत्रे स्वीकारली. बांगलादेशाने रेमडेसिव्हिरच्या कुप्या दिल्या. चिमुकल्या भूतानने आसामसाठी द्रवरूप प्राणवायू देऊ केला. आणि मेअखेरीस केनियाकडून बारा टन चहा, कॉफी आणि भुईमुगाचे दाणे मुंबईत आले. रेडक्रॉसच्या हाती दिलेली ही भेट महाराष्ट्रात रुग्णसेवेसाठी राबणाऱ्या लोकांना वाटली जाणार होती. थकलेल्या माणसांना घटकाभर विसावा मिळावा, एवढाच तिच्यामागचा हेतू. काही जणांनी तिची टिंगल केली. एवढ्या गरीब देशाने आपल्याला शेंगदाणे पाठवावेत, याचा त्यांना अपमान वाटला. मला मात्र ते वृत्त वाचून रडू आले. दादांच्या मृत्यूनंतर मी प्रथमच मोकळेपणाने रडलो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची थोरवी विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते, असे प्रतिपादन आहे. हे मी पाठशाळेत पाठ केले होते; त्याचा अर्थ महामारीने शिकवला. विधी बदलला की दानातला खुळखुळाट हरवतो. द्रव्य कितीही मोठे असो, ते नेणारा हात सुटला तर ते वाटेत पडून राहते. दाता आज भरलेला असतो आणि उद्या रिता. आणि पात्र ही कोणा एकाची कायमची जागा नाही; तिथे आज जो बसला आहे, त्याला उद्या वाढायला उठावे लागते. जीवांनी एकमेकांवर उपकार करीत राहावे, असा अर्थ सांगणारे सूत्र आपल्या प्रतीकाखाली कोरलेले आहे. त्यातला ‘एकमेकांवर’ हा शब्द मी इतकी वर्षे ‘आपण इतरांवर’ असाच वाचत आलो होतो.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी ताईंना फोन केला आणि मनात आलेले सारे सांगून क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “जूनमध्ये माझ्या कार्यालयातला एक सहकारी गेला. तोही दुसऱ्या मात्रेची वाट पाहत होता. तेव्हा मी तुमच्या देशावर रागावले होते. तुम्हाला सांगितले नाही, एवढेच.” त्यांना दुसरी मात्रा पुढे एका युरोपीय देशाने दिलेल्या साठ्यातून मिळाली. फोन ठेवताना त्यांनी सांगितले, की सूप अजून वापरात आहे.

मामांकडे मात्र फोन करून भागणार नव्हते. मी त्यांच्या गावी गेलो. रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराखाली त्यांनी खानावळ सुरू केली होती. मी हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणालो आणि त्या सहीविषयी बोललो. ते म्हणाले, “तुमच्या सहीनं नाही गेलं साहेब. दिवसच तसले होते.” मग त्यांनी बाहेर येऊन आकाशाकडे पाहिले. सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता. आत गिऱ्हाईक बसले होते. त्याला त्यांनी थोडे थांबायला सांगितले आणि आधी माझे पान वाढले.